जखमी उंदीर घरात सापडला तर
त्याला मारण्याऐवजी वाचवण्याचा विचार केलात, हे उत्तमच. मात्र उघड्या हाताने उचलू नका. घाबरलेला उंदीर चावतो आणि त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होऊ शकते, म्हणून त्याच्यावर डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा. भोके पाडलेल्या खोक्यात सुती फडके अंथरून ते अंधाऱ्या, उबदार जागी ठेवावे. नवखे लोक इथेच चुकतात: दूध पाजतात, आंघोळ घालतात, सारखे झाकण उघडून पाहतात. बाटलीच्या झाकणात थोडे पाणी पुरे.

चिकट सापळ्यात अडकला असेल तर ओढू नका. नाकतोंड सांभाळून कापसाने गोडेतेल लावत गेल्यास गोंद सुटतो (खोबरेल थंडीत गोठते). मांजराने धरला असेल, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे, कारण मांजराच्या लाळेतील जंतूच बहुधा घात करतात.