साडेचारची प्रार्थना

पत्र :
‘मावशी, सलाम. मी जालन्याची. सध्या जर्मनीत, स्टुटगार्टला राहते. मिस्टर गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. सासरे वारले, सासूबाई जालन्यात एकट्याच असतात. रोज त्यांच्या रात्री नऊला, म्हणजे आमच्या दुपारी साडेचारला, व्हिडिओ कॉलवर कुटुंब-प्रार्थना होते. लेकरांनी मराठी पवित्र शास्त्रातला अध्याय मोठ्यानं वाचायचा, हा त्यांचा नेम. मुलगी अडखळते, मुलगा फिदीफिदी हसतो आणि सासूबाईंचे डोळे भरतात. परवा म्हणाल्या, “ख्रिस्ती राहतील गं, पण आपले राहणार नाहीत.” यंदा नाताळला त्या पहिल्यांदाच इकडं येतायत. लेकरांना २४ तारखेच्या संध्याकाळी झाड, भेटवस्तू, सगळं इथल्यासारखं हवंय. सासूबाईंना २५ ला सकाळी मराठी उपासना आणि फराळ हवाय. त्यात आणखी एक : इथं नाव नोंदवताना यांनी धर्माचा रकाना कोरा ठेवला, चर्चच्या सभासदांना लागणारा कर वाचावा म्हणून. सासूबाईंना हे माहीत नाही. लेकरांवर मराठी वाचायची सक्ती करू का? मला तर काही सुचेनासं झालंय.’
– जालन्याची सून

उत्तर :
पोरी, सलाम.

तुझ्या पत्रात सासूबाई आहेत, लेकरं आहेत, नाताळचं झाडसुद्धा आहे. तुझा नवरा मात्र ओझरता येतो, आणि येतो तोही रकाना कोरा ठेवायला. साडेचारला तो ऑफिसात असेल, मान्य. शनिवार-रविवारी कुठं असतो? आई त्याची, नेम त्याच्या घरचा, आणि लेकरांच्या उच्चारांचा जाब मात्र तू देत बसतेस. तिकडचे अश्रू इकडं आणि इकडची कुरकुर तिकडं पोचवता पोचवता तुझं पोस्टमन झालंय. म्हणून पहिलं काम त्याचं. या रविवारी फोन त्यानं हातात घ्यायचा, प्रार्थना त्यानं चालवायची. तू बाजूला बसून हात जोड.

आता वाचनाचं. सात वर्षांचं पोर शाळेतून थकून आलंय, पोटात भूक आहे, समोर आजीचा चेहरा आणि हातात वंशावळींनी भरलेला अध्याय. ते हसणार नाही तर काय करणार? ही प्रार्थना राहिलेली नाही, रोजची तोंडी परीक्षा झालीय, आणि परीक्षक रोज रडून उठतोय. सक्ती अजिबात करू नकोस. पण कॉलही बंद करू नकोस. रात्री नऊ ही तुझ्या सासूबाईंच्या घरातली सगळ्यात रिकामी वेळ असणार. भांडी झाली, गेटला कुलूप लागलं, आता बोलायला कोण? अध्याय नाही वाचला तरी त्यांचं चालेल, लेकरं दिसली नाहीत तर नाही चालायचं.

मग वाचायचं कुणी? आजीनं! तुम्ही राहता त्या मुलखातच याची सोय आहे. सॅक्सनीत हर्नहूट नावाचं गाव आहे, मोरेवियन या जुन्या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीचं. तिथून १७३१ पासून दरवर्षी रोजच्या वचनांची एक छोटी पुस्तिका निघते. जर्मनीत ख्रिस्ती पुस्तकांच्या कुठल्याही दुकानात मिळेल, ‘लोझुंगेन’ म्हणून माग. रोज दोनच वचनं : जुन्या करारातलं चिठ्ठी टाकून निघालेलं, आणि त्याला जुळेल असं नव्या करारातलं निवडलेलं. चिठ्ठीचं ऐकून तुझं पोरगं कान टवकारेल बघ. मुलीनं दोन्ही वचनं जर्मनमध्ये वाचायची, तिची ती शाळेची भाषा, अडखळायचा प्रश्नच नाही. मग आजीला अध्याय आणि ओवी सांगायची. आजी आपलं पवित्र शास्त्र उघडून तीच वचनं मराठीत वाचतील. तिथं योहान तीन सोळा तर इथंही योहान तीन सोळाच. सगळं मिळून पाच मिनिटं. मराठी कानावर पडेल, आणि वाचणाऱ्याला ती येत असेल.

सासूबाई म्हणतील, लेकरांच्या तोंडी मराठी यायला नको का? यावी की. पण गाण्यातून येऊ दे. नारायण वामन टिळकांची भजनं आपल्याकडं निरक्षर बायांनासुद्धा पाठ होती, ती काही वाचून नव्हेत. अभंग-ओवीच्या चाली आधीच अंगात होत्या, त्यावर शब्द बसले. तेव्हा आठवड्याला एक कडवं, आजीनं म्हणायचं आणि लेकरांनी मागून. पेटी असेल तर आजीनं काढावी. एवढ्या लांबून सूर मागंपुढं होतील, होऊ देत. मुलगी पुढंमागं आपणहून मराठी वाचायला मागेल तेव्हा थेट जुनं भाषांतर हातात देऊ नकोस. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ मागवून ठेव. दिब्रिटो कॅथलिक, तुम्ही बहुधा सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रॉटेस्टंट, यावर सासूबाईंनी भुवई उंचावली तर त्यांना सांग, आपल्या मराठवाड्यात, धाराशिवला २०२० साली जे साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच. मराठवाड्याचं नाव काढलं की आपल्या बायका जरा नरमतात, मी धरून.

‘आपले राहणार नाहीत’ हे वाक्य तुला लागलंय, दिसतंय. त्याला उत्तर देत बसू नकोस, ते भीतीतून आलंय. फारच झालं तर नवऱ्याला हसत म्हणू दे, ‘आई, जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचं बेथेल गाव वसवणारे आपले पाळक नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला जाऊन आले, म्हणून काय ते जालन्याचे राहिले नाहीत?’ हे त्यानंच म्हणायचं. तू म्हटलंस तर ते उलट उत्तर होईल.

नाताळाचा तर तुमच्याकडं मुळी पेचच नाही. जर्मनीत २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी, आणि तिथला खरा सोहळा २४ च्या संध्याकाळी. २४ लेकरांची, २५ आजीची. वाटाघाटी संपल्या! २४ ला सासूबाईंना तुमच्या गल्लीतल्या चर्चमध्ये संध्याकाळच्या उपासनेला ने. भाषा कळणार नाही म्हणून त्या कुरकुरतील. पण ‘सायलेंट नाइट’ हे गीत मूळ जर्मनच, १८१८ साली ऑस्ट्रियात पहिल्यांदा गायलं गेलं, आणि मराठी मंडळ्यांतही ते गातात. चाल सुरू झाली की त्या आपल्या शब्दांत म्हणू लागतील, कुणी अडवणार नाही. २५ ला घरातच मराठी उपासना करा. ओळखीतली दोन मराठी घरं बोलवा, ख्रिस्ती नसली तरी चालतील, फराळाला कोण नाही म्हणतंय!

त्या आल्या की लगेच त्यांना आणि नातवाला मिळून एक काम दे : चांदणी. आपल्याकडं डिसेंबर लागला की दारात कागदी चांदणी आणि आत बल्ब, तसा तिकडंही हर्नहूटचाच तारा लावतात. पंचवीस टोकांचा असतो तो, सुटी टोकं मिळतात आणि घरी जोडावी लागतात. कुठलं टोक कुठं हे पोराला समजेल, चिकाटी आजीकडं असेल. अशा कामात जेवढं बोलणं होतं तेवढं महिनाभराच्या कॉलमध्ये होत नाही.

आता तो रकाना. आकडा नीट समजून घे, कारण सासूबाई विचारतील. तुमच्या राज्यात चर्चचा कर ८ टक्के आहे, पण पगाराच्या नव्हे, तुम्ही भरता त्या आयकराच्या. आयकर दहा हजार युरो असेल तर आठशे युरो. रक्कम लहान नाही. पैसे वाचवले म्हणून मी तुझ्या नवऱ्याला बोल लावणार नाही. परदेशात नवं बिऱ्हाड मांडणं सोपं नसतं. पण ज्या माउलीनं, मला खात्री आहे, पेन्शनमधूनही दशमांश बाजूला काढला असेल, तिच्यापासून हे लपवून तिच्याबरोबर रोज हात जोडायचे हे जमणारं नाही. मला तर वाटतं, तो साडेचारचा कॉल टाळतो तो यामुळंच. चुकत असेन तर मला लिही. त्यानं आईला स्वतः सांगावं, आणि ती विमानात बसायच्या आधी सांगावं. नाताळच्या ताटावर अजिबात नाही. आई दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी बोलेल. पुढं रकाना भरायचा की नाही, ते तुम्ही दोघांनी तिथल्या पाळकांशी बोलून ठरवा. फार वेळही नाही, कारण तिकडं दृढीकरण, म्हणजे मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी, चौदाव्या वर्षाच्या आसपास होतं आणि त्याचे वर्ग आधीच सुरू होतात. तुझी लेक अकराची आहे, मैत्रिणी जायला लागल्या की ती स्वतःच विचारेल.

राहिला फराळ. सासूबाई बॅग भरायला बसल्या की त्यांना सांग, साजूक तूप, खवा, पेढे यातलं काही नको. दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. सुक्या खोबऱ्याचं सारण भरून तेलात तळलेल्या करंज्या, चकल्या, शंकरपाळी खुशाल आणाव्यात. त्यांना तिथंच तळण काढायचं असेल तर स्वयंपाकघराचं दार लाव, खिडकी सताड उघड, थंडीचा विचार करू नकोस. तिकडच्या घरांत छताला धुराची घंटा असते, ती चकलीच्या पहिल्या घाण्यालाच वाजेल आणि खालचे शेजारी वर येतील. आले तर एकेक करंजी दे त्यांना.