वाचकांचे प्रश्न : सिन्नरहून केनियाला

प्रश्न : मी 27 वर्षांचा कृषी पदवीधर असून देवनदीवरील जुने बंधारे आणि पाट दुरुस्त करण्याच्या कामात चार वर्षे होतो. एका मध्यस्थ संस्थेमार्फत येत्या जूनपासून तीन महिने केनियातील मकुएनी येथे, एका शेतकरी गटाकडे स्वयंसेवक म्हणून जाण्याची संधी आली आहे. संस्था बऱ्यापैकी शुल्क मागते. घरच्यांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटते. तयारी कशी करावी?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपल्या पत्रात मध्यस्थ संस्थेविषयी बरेच काही आहे, ज्या गटाकडे आपण जाणार, त्याने नेमके काय मागितले आहे, हे मात्र त्यात नाही. तयारीची सुरुवात तेथूनच करावी.

मकुएनी, मचाकोस, किटुई हा सारा कोरडवाहू पट्टा आहे आणि तेथील गावकरी वाळूचे बंधारे घालण्यात मुरलेले आहेत. पावसाळी नदीच्या पात्रात खडकापर्यंत पाया नेऊन भिंत बांधतात. पुराबरोबर आलेली वाळू तिच्यामागे साचते, वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी साठून राहते, आणि त्यावर ऊन थेट पडत नसल्याने बाष्पीभवन फार थोडे होते. सामूहिक श्रमाच्या रीतीला तेथील कांबा भाषेत ‘म्वेथ्या’ म्हणतात. आपल्याकडील इर्जिकीशी तिचे जवळचे नाते वाटते. तेव्हा बंधारा बांधण्यासाठी त्यांना आपली गरज नाही, असेच धरून चालावे. पाण्याच्या पाळ्या ठरवणे, पाटांची दरवर्षीची डागडुजी, ठिबक संचाची जुळणी यांपैकी त्यांना काही हवे आहे का, हे गटालाच थेट विचारावे, आणि आपण परतल्यावर ते काम कोण पुढे नेणार, त्या व्यक्तीचे नाव मागून घ्यावे. नाव मिळत नसेल, तर प्रवास पुढे ढकलावा असेच मी सांगेन. शुल्कातील किती रक्कम गटाच्या हाती पडते, हा प्रश्नही मध्यस्थांना नि:संकोच विचारावा.

जूनविषयीही फेरविचार करावा. तेथे पावसाळे दोन : मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, मकुएनीच्या शेतकऱ्याची भिस्त दुसऱ्यावर अधिक असते. जून ते सप्टेंबर हे महिने कोरडे असल्याने बंधाऱ्यांचे काम पाहण्यास आणि शिकण्यास ते चांगले आहेत, परंतु उभ्या पिकाच्या पाण्याविषयी काही करून दाखवायचे असेल, तर ऑक्टोबरमध्ये जाणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रकृतीबाबत सांगायचे तर, केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारतात यलो फीवर म्हणजेच पीतज्वराच्या लसीचा दाखला मागितला जातो. हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे, म्हणून ही काटेकोर दक्षता आहे. दाखला नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि जुलै 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास ती आधीच सांगावी. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या आपल्याला लागतील का, हे डॉक्टरांनी मुक्कामाचे गाव पाहून ठरवावे; डॉक्सिसायक्लिन दिल्यास ते परतल्यावरही चार आठवडे घ्यावे लागते आणि लोक नेमके तेथेच सोडून देतात. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर केनियाला जाऊन आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. मात्र पर्यटक म्हणून घेतलेल्या परवानगीवर विनावेतन काम चालते, असे गृहीत धरू नये. कोणता परवाना लागेल, हे यजमान गटाकडून लेखी घ्यावे.

घरून खाऊ स्टीलच्या डब्यांतच न्यावा, कारण ऑगस्ट 2017 पासून तेथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर असल्याने जुलैत स्वेटर लागतो. स्वाहिली थोडी तरी शिकून जावी. ‘चाय’, ‘चपाती’, ‘हेसाबू’ म्हणजे हिशेब, ‘दुका’ म्हणजे दुकान, असे ओळखीचे शब्द भेटत राहतील. तेथे ‘न्देंगू’ ताटात आले, तर ते आपले मूगच आहेत.

प्रश्न : मी 63 वर्षांची निवृत्त परिचारिका आहे. आफ्रिकेतील एखाद्या अनाथाश्रमात महिनाभर मुलांची सेवा करावी, अशी फार इच्छा आहे.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, आपली माया खरी आहे, तरीही हा बेत सोडावा, अशी माझी विनंती आहे. अशा संस्थांतील अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलांना घरापासून दूर ठेवण्याचे प्रकार इतके घडले, की ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये त्याला आधुनिक गुलामगिरीचा प्रकार मानले. महिन्यामहिन्याला माणसे लळा लावून निघून गेली, की मुलाला तो विरह पुनःपुन्हा सोसावा लागतो. रुग्णसेवा करायची म्हटले, तर त्या देशातील परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. आपला अनुभव सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील आरोग्य केंद्राला हवा आहे का, हे आधी विचारावे. तेथील मातांशी आपण दुभाष्याशिवाय बोलू शकाल. तरीही परदेशी जायचे ठरलेच, तर स्थानिक परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे काम शोधावे. पीतज्वराची लस साठीनंतर प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावे.