वाचकांचे प्रश्न : म्हाताऱ्या फेरेटला गुळाचा खडा नको

प्रश्न : आमच्याकडे साडेसहा वर्षांचा नर फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) आहे. मुलाने पुण्यात शिकत असताना तो घेतला आणि परगावी नोकरी लागल्यावर आमच्या स्वाधीन केला. सकाळी दूध-चपाती, दुपारी उकडलेल्या चिकनचे चार तुकडे आणि रात्री मांजराचे कोरडे खाद्य असा त्याचा आहार आहे. गेले दोन महिने दुपारी झोपेतून उठल्यावर त्याचे मागचे पाय लटपटतात, तो एका जागी टक लावून बसतो, लाळ गाळतो आणि पंजांनी तोंड खाजवत राहतो. गुळाचा खडा चाटवला की दहा मिनिटांत पळू लागतो, म्हणून आता दिवसातून दोन-तीनदा गूळ देतो. तरी हे प्रकार वाढतच आहेत. शेपटीचे केसही गेले आहेत. हे सारे वयामुळे होते का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : फेरेटचे आयुष्य साधारण ५ ते ८ वर्षांचे असते, त्यामुळे आपला फेरेट म्हातारा झाला आहे हे खरे, परंतु आपण वर्णन केलेली लक्षणे नुसत्या म्हातारपणाची नव्हेत. आपल्या पत्रातली सर्वांत बोलकी नोंद गुळाची आहे. गूळ चाटवल्यावर तो काही मिनिटांत उभा राहतो, त्यावरून त्या वेळी त्याच्या रक्तातील साखर उतरलेली असावी असे मानायला जागा आहे. आणि उतारवयातील फेरेटमध्ये साखर अशी वारंवार उतरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची गाठ, अर्थात इन्सुलिनोमा. ही गाठ शरीराची गरज न पाहता इन्सुलिन सोडत राहते. गुळाने साखर एकदम चढली की गाठ आणखी इन्सुलिन ओतते आणि थोड्याच वेळात साखर पुन्हा घसरते, कित्येकदा आधीपेक्षाही खाली. दारी आलेल्याला गूळ-पाणी देण्याची आपली रीत चांगलीच आहे, मात्र या पाहुण्याच्या बाबतीत तोच गूळ पुढच्या झटक्याची तयारी करतो.

गूळ अजिबात द्यायचाच नाही का? एकाच प्रसंगी द्यावा. फेरेट कोसळला, शुद्ध हरपली किंवा आकडी आली, तर पातळ काकवी अथवा मध कापसाच्या बोळ्याने हिरड्यांना चोळावा. तोंडात ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि बोट दातांमध्ये घालू नये, आकडीत जबडा आवळला जातो. तो सावध होऊन गिळू लागताच मांसाचा मऊ घास भरवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आता आहाराविषयी. फेरेट दिसायला मुंगसासारखा वाटला तरी तो पाणमांजराच्या कुळातला, निव्वळ मांसावर जगणारा प्राणी आहे. त्याचे आतडे आखूड असते, त्यात आंत्रपुच्छाची पिशवी नसते आणि खाल्लेले अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते. चपातीतील पिष्ट त्याला नीट पचत नाही, आणि पचते तेवढ्याची साखर होऊन गुळाचेच काम करते. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या गावाला हे सांगणे जिवावर येते, पण फेरेटला दूधही बाधते व जुलाब होतात. चपाती, दूध, बिस्किटे, केळे, बेदाणे हे सारे बंद करावे.

त्याऐवजी दर तीन-चार तासांनी थोडे थोडे मांसाहारी अन्न द्यावे. रात्री झोपण्यापूर्वीचा आणि पहाटेचा घास विशेषतः चुकवू नये. चिकन उकडून बारीक करावे, त्यात थोडे काळीज व हृदय घालावे आणि मांजराच्या पिल्लांचे कोरडे खाद्य कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून त्यात कुस्करावे. नुसत्या चिकनच्या तुकड्यांतून कॅल्शियम पुरेसे मिळत नाही, म्हणून तयार खाद्याची जोड हवी. चिकनचे पाणी चालेल, मात्र ते बिनमिठाचे व बिनमसाल्याचे असावे. घरी पांढरा रस्सा केला म्हणून वाटीभर त्याच्यापुढे ठेवू नये. कांदा आणि लसूण यांनी तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. शिजवलेली हाडेही नकोत. म्हातारपणी दातांवर कीटण साचते आणि हिरड्या दुखतात, म्हणून कोरडे दाणे टाकून दिले तर तो चोखंदळ झाला असे न समजता त्याचे तोंड तपासून घ्यावे.

अर्थात, नुसत्या आहाराने गाठ जात नाही. मागचे पाय लटपटण्यामागे हृदयविकार, रक्तक्षय किंवा मणक्याचे दुखणेही असू शकते, त्यामुळे रक्ततपासणी आवश्यक आहे. माणसाच्या तपासणीप्रमाणे रात्रभर उपाशी ठेवण्याची चूक करू नये. तीन-चार तासांचा उपास पुरतो आणि तोही डॉक्टरांच्या नजरेखाली असावा. त्यानंतरची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर संशय, ६०च्या खाली असेल तर तो बळावतो. घरातील ग्लुकोमीटर फेरेटमध्ये आकडा खराहून कमी दाखवतो, म्हणून प्रयोगशाळेचाच अहवाल धरावा. शस्त्रक्रिया झेपण्यासारखी नसेल तर प्रेडनिसोलोन आणि डायझॉक्साइड ही औषधे वापरली जातात. सुरू केलेले प्रेडनिसोलोन मनाने अचानक थांबवू नये.

शेपटीचे केस जाणे हे बहुधा दुसरेच दुखणे आहे. मूत्रपिंडाजवळील अधिवृक्क ग्रंथी वाढली की केस शेपटीपासून गळू लागतात, आणि नरामध्ये प्रोस्टेट सुजून लघवी अडते. तो कुंथताना दिसला आणि लघवी थेंबथेंबच होत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : आमच्या घरी मांसाहार होत नाही. चार वर्षांच्या फेरेटला पनीर, सोयाबीन आणि डाळ-भातावर ठेवता येईल का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : नाही. वनस्पतीजन्य प्रथिनांवर ठेवलेल्या फेरेटला मूतखड्याचा धोका वाढतो, आणि टॉरिनसारखे आवश्यक घटक त्याला डाळीतून मिळत नाहीत. घरात मांस शिजवणे शक्य नसेल, तर मांजराच्या पिल्लांचे असे कोरडे खाद्य आणावे की ज्याच्या घटकांत पहिले नाव मांसाचे आहे, प्रथिने ३५ टक्क्यांहून आणि स्निग्धांश १८ टक्क्यांहून अधिक आहेत. तेही पटत नसेल, तर मांसाहारी घर शोधून त्याला तिथे सोपवावे.