‘झेब्रावर नव्हतात, मग भरपाई कसली?’

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी नाशिकला पंचवटीत राहते. अकरा वर्षांपासून घरून जेवणाचे डबे देते. तेवीस डबे होते, त्यात हिरावाडीतले भाड्याने राहणारे विद्यार्थी जास्त. चार महिन्यांपूर्वी सकाळी सहाच्या सुमारास दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डातून भाजी घेऊन निघाले. अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकाशी थांबले. गाड्या डावीकडून येतात म्हणून डावीकडे बघितलं, मोकळं होतं, चालायला लागले. कडेला दोन पावलं राहिली होती, तेवढ्यात उजवीकडून राँग साइडने पिकअप आली आणि मला उडवलं. डाव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं. प्लेट टाकलीय. आता वॉकर सुटला, पण मांडी घालता येत नाही आणि ओट्याशी वीस मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. आठच डबे उरलेत.

पिकअपचा मालक दवाखान्यात येऊन वीस हजार देऊन गेला. आता तो स्टॅम्प पेपर घेऊन येतोय : ‘तक्रार नाही, भरपाई मिळाली, अजून तीस हजार देतो.’ म्हणतो, तुम्ही झेब्रा क्रॉसिंगवर नव्हता, कोर्टात गेलात तर एक रुपया मिळणार नाही. दवाखान्यात हवालदार आले होते, जबाब घेतला, पण एफआयआरची प्रत मला मिळालेली नाही. ऑपरेशनचे पैसे मुलाच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून गेले, मग मला मागण्याचा हक्क उरतो का? डब्यांचा हिशोब वहीत आहे, रिटर्न कधी भरलं नाही. आधारवर वय 51 आहे, शाळेच्या दाखल्यावर 49. यांचं म्हणणं, पन्नास हजार घे आणि विषय संपव. काय करू?
— एक डबेवाली भगिनी, पंचवटी

उत्तर : ताई, अंक छापून हाती पडेपर्यंत पंधरा दिवस जातात आणि तुमच्याकडे दिवस मोजके आहेत. म्हणून या उत्तराचा पहिला भाग तुम्हाला आधीच टपालाने पाठवला. तो एवढाच होता : त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. अंगठा नाही, साक्षीदार म्हणून यजमानांची सहीसुद्धा नाही. उद्या पिकअपच्या विमा कंपनीचा वकील हाच कागद काढेल आणि ‘बाईंना भरपाई मिळाली, तक्रारही नव्हती’ असं न्यायाधीशांना दाखवेल. घेतलेल्या वीस हजारांची लाज बाळगू नका. ते लपवूही नका. अर्जात स्वच्छ लिहा, की उपचारासाठी मालकाने एवढे दिले.

आता पोलीस ठाणं. गुन्हा नोंदला असेल तर एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. नोंदलाच नसेल, नुसती डायरीत नोंद असेल, तर लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. घेतली नाही तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ही वाट दिलेली आहे. त्यानेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. निष्काळजी वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याबद्दल न्याय संहितेची 281 आणि 125 ही कलमं लागतात. चार महिने झाले म्हणून घाबरू नका. जखमी माणूस खाटेवर होता, तर तक्रारीला उशीर झाला एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे. शिवाय दवाखान्याने पोलिसांना कळवलेली एमएलसी, म्हणजे जखमी आल्याची वैद्यकीय नोंद, त्याच दिवसाची आहे. तिची प्रत काढून घ्या.

चार महिन्यांनी कॅमेऱ्यातलं चित्रण राहिलेलं नसतं. पण यार्डाच्या तोंडाशी पहाटे माणसं असतात. तुम्हाला उचलून रिक्षात कोणी घातलं? हमाल असतील, चहावाला असेल. त्यांची नावं, पत्ते आजच लिहून ठेवा. मदत करणाऱ्याला पोलीस जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत, कायद्याने त्याला संरक्षण आहे, तेव्हा त्यांना धाक न घालता विनंती करा. मी पाहिलंय, अशी माणसं बहुतेक वेळा येतात.

दुसरी घाई मुदतीची. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. ज्या वाचकांचे सहा महिने उलटून गेलेत त्यांच्यासाठी सांगते : या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि निव्वळ उशिरासाठी अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झालाय. पण तुमचे दोन महिने हातात आहेत, तर त्या आदेशाच्या भरवशावर राहूच नका. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि तो अर्ज म्हणून धरता येतो, हेही खरं. तुमच्या बाबतीत गुन्हाच नोंदला की नाही ते ठाऊक नाही, मग त्या अहवालाची वाट कशाला बघायची? अर्ज आपल्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातच, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे होतो. (अपघात सुरतेत झाला आणि तुम्ही नाशिकला राहता, तरी अर्ज नाशिकला करता येतो. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते उगाच परगावी हेलपाटे घालतात.)

आता झेब्रा. झेब्रावर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा वाहनचालकाला घातलेला नियम आहे. त्यातून उलटा अर्थ निघत नाही, की झेब्र्याबाहेरच्या माणसाला कोणीही उडवावं. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कोणाची बाजू अधिक संभवनीय, एवढं पाहतात. तुमची काही चूक दिसली तर तेवढे टक्के भरपाईतून वजा होतात, सगळा दावा बुडत नाही. आणि तुमची चूक कुठली? जिकडून गाड्या येतात तिकडे तुम्ही बघितलं. जिकडून यायलाच नको तिकडून पिकअप आली. म्हणून ‘राँग साइड’ हे दोन शब्द तक्रारीत हवेतच, आणि तुम्ही कडेपासून किती पावलांवर होता तेही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात दुभाजकाची फट आणि तुम्ही पडलात ती जागा दाखवली आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

विमा कंपनी तुम्हाला कलम 164 चे अडीच लाख देऊ करेल अशी शक्यता आहे. गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे सिद्ध न करता, एवढी रक्कम मिळते. ज्याच्याकडे साक्षीदार नाही, पुरावा नाही, त्याला हा मोठा आधार आहे. पण ते पैसे स्वीकारले की 166 चा दावा तिथेच संपतो. तुमच्यासाठी तो घाट्याचा व्यवहार होईल, आणि का ते सांगताना मला एका शिंप्याची गोष्ट सांगावी लागते.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक टेलर आले होते. उजव्या पायाचा घोटा मोडलेला, दाखल्यावर अपंगत्व 22 टक्के. मी ते 22 टक्के तसेच अर्जात उतरवले. त्यांना साक्षीला उभं केलं तेव्हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता : मशीनचं पायडल कोणत्या पायाने मारता? मी विचारला नाही. 22 टक्क्यांच्या हिशोबाने भरपाई मिळाली. पुढे वर्षभराने दुकानावरून गेले तर शटर बंद होतं. घोटा 22 टक्के मोडला होता, धंदा मात्र सगळाच गेला होता. त्यानंतर प्रत्येक अशिलाला मी आधी त्याचं काम करून दाखवायला सांगते.

2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच नीट उलगडलं. डावा हात गेलेला माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. तोच सरकारी कारकून असेल तर कदाचित काहीच जात नाही. म्हणजे शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे टक्के वेगळे. म्हणून ताई, तुमचा गुडघा दिवसभर काय काय करायचा ते लिहून काढा. पहाटे यार्डात जाणं, दहा-बारा किलोची पिशवी, जिने चढून डबे पोचवणं, ओट्याशी तीन तास उभं राहून शंभरेक पोळ्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच साक्षीला बोलवा. हे काम आता कितपत होईल, हा प्रश्न त्यांना विचारला गेला पाहिजे. अपंगत्वाचा दाखला प्रकृती स्थिरावल्यावर सिव्हिल हॉस्पिटलमधून घ्या.

उत्पन्नाचं. रिटर्न नाही म्हणून दावा पडत नाही. वही आणा, यूपीआयने आलेले पैसे असतील तर बँकेचं स्टेटमेंट आणा, डबा घेणाऱ्या दोन-चार मुलांना साक्षीला आणा. फक्त आलेले पैसे म्हणजे उत्पन्न नाही. गॅस, भाजी, पीठ वजा करून उरतात ते.

समजा महिन्याला 15,000 उरत होते आणि न्यायालयाने तुमच्या कमाईचं नुकसान 30 टक्के धरलं. स्वतःचा धंदा करणाऱ्याला 40 ते 50 वयात भविष्यातल्या वाढीचे 25 टक्के जोडतात, 50 ते 60 वयात 10. मग वयाप्रमाणे गुणक लागतो : 46 ते 50 ला 13, 51 ते 55 ला 11. वय 49 धरलं तर 18,750 गुणिले 12, गुणिले 13, त्याचे 30 टक्के म्हणजे 8,77,500 रुपये. 51 धरलं तर 6,53,400. दोन वर्षांच्या फरकाने सव्वादोन लाख जातात! ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका अपघाताच्या दाव्यात आधारवरची जन्मतारीख बाजूला ठेवून शाळेच्या दाखल्यावरची धरली. तेव्हा अर्जात पहिल्यापासून 49 लिहा. अर्जात 51 आणि साक्षीत 49 असं झालं तर उलटतपासणीत तुम्हालाच त्रास होईल.

यात अजून वेदना, औषधं, रिक्षाभाडं, खाटेवरच्या महिन्यांची बुडालेली कमाई, पुढे प्लेट काढायची झाली तर तो खर्च, आणि घरातल्या ज्या कोणी तुमची उठबस केली तिच्या कष्टांचं मोल धरलेलंच नाही. घरच्या बाईने पैसे न घेता केलं म्हणून त्या सेवेची किंमत शून्य होत नाही. वरून व्याज.

मेडिक्लेमचं पिकअपच्या विमा कंपनीचा वकील नक्की काढेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये तो प्रश्न मिटवला : मेडिक्लेमचे पैसे हप्ता भरल्यामुळे मिळतात, ते अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे गेली असतील, तर दवाखान्यातून शिक्क्याच्या प्रती मागून घ्या.

वेळ लागेल, हे मी लपवत नाही. वर्ष-दोन वर्षं किंवा जास्तही. मध्ये लोकअदालतीत तडजोडीचं बोलावणं येईल. जरूर जा, पण वरचा हिशोब कागदावर मांडून जा, कारण तिथे सही केलेल्या तडजोडीवर अपील नसतं.

वकिलाचं. दवाखान्याच्या दारात ‘मिळेल त्यातले तीस टक्के’ म्हणणारे भेटतात. निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमाने आम्हाला मनाई आहे. असं कोणी म्हटलं तर उठून या. आणि फी देणं जमत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट लागत नाही. 15100 वर फोन केला तरी चालेल.

यजमानांना माझा नमस्कार सांगा. पन्नास हजारांत विषय संपवायचं त्यांच्या मनात येतं, ते तुमची ओढाताण त्यांना बघवत नाही म्हणून, हे मला कळतं. वरचा पावणेनऊ लाखांचा हिशोब त्यांना एकदा वाचून दाखवा, आणि न्यायालयात येताना त्यांनाही सोबत आणा. जिना आहे, हात धरायला माणूस लागेल.