निम्फ बुडत नाही, अंग सुटतं

प्रश्न : सशाच्या केसांची निम्फ (पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी फ्लाय, म्हणजे माशाला भुलवणारा नकली किडा) १२ नंबरच्या गळावर बांधतो. दोन मासे लागले की तिचं अंग सुटतं, गळाचा डोळा बुजतो आणि फ्लाय वरच्यावरच तरंगते. एप्रिलमध्ये हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जायचंय. तोवर इथे सराव कुठे आणि कसा करू?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे : केस जास्त होताहेत. भरपूर केस दोऱ्यावर घट्ट वळत नाहीत, डोळ्यापाशी जागा खातात आणि आत हवा धरून ठेवतात. एका वेळी इतकेच घ्या की दोऱ्यावर वळल्यावर खालचा दोरा पुसटसा दिसेल. दोऱ्याला आधी थोडं मेण लावा.

आधी वजन. १२ नंबरला साधारण ३.३ मिमीचा टंगस्टन मणी, १४ ला २.८ चा; मण्याचं लहान भोक डोळ्याकडे. मणी नको असेल तर गळाच्या दांडीच्या मध्यावर बारीक शिशाच्या तारेचे ८-१० वेढे द्या, पण डोळ्यामागे डोळ्याएवढी जागा रिकामी ठेवा. तिथे मोह आवरत नाही, म्हणूनच डोळा बुजतो.

शेपटीला सशाचेच ६-८ ताठ केस, दांडीच्या निम्म्या लांबीचे. तांब्याची तार दांडीच्या पूर्ण लांबीवर बांधून घ्या, टोकाशी नुसती अडकवलेली तार निसटते. ही तार पंख्याच्या वाइंडिंगच्या दुकानात मिळते. ३८ गेज, म्हणजे साधारण ०.१५ मिमी. केस ज्या दिशेने गुंडाळले त्याच्या उलट दिशेने तारेचे पाच वेढे द्या. एकाच दिशेने दिले की तार केसांच्या वेढ्यांमधल्या फटीत जाऊन बसते, आवळत काहीच नाही. तुमचं अंग सुटतंय ते इथेच. मानेपाशी, म्हणजे डोळ्याच्या लगेच मागे, जरा जाड, राठ केस. शेवटी गाठ आणि पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब. मग वेल्क्रोच्या तुकड्याने फक्त मानेचे केस विंचरा.

मुंगसाचे केस कुणी सुचवले तर घेऊ नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो प्राणी संरक्षित आहे.

सराव तलावात चिलापीवर होतो. तिथल्या मासेमारीचा ठेका कुणाचा ते आधी विचारा. फ्लाय टाकून तळाशी जाईपर्यंत आकडे मोजा, मग बोटांनी इंच-इंच ओढा. तीर्थनला उपयोगी पडेल तो सराव मात्र वाहत्या पाण्यातलाच. बदलापूरच्या वर उल्हास नदीत जा, पण भिवपुरीच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्याने पातळी वाढू शकते, तेव्हा मध्यभागी उभे राहू नका.

९ फुटी लीडर (लाइनच्या पुढचा निमुळता पारदर्शक दोरा), त्याच्या टोकाला ५एक्स जाडीचा टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा. इंडिकेटर, म्हणजे मासा लागल्याची खूण देणारा तरंगता गोळा, फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. प्रवाहाच्या वर टाका आणि ढिली पडणारी लाइन गोळा करत राहा. लाइनचा ताण फ्लायवर आला की ती प्रवाहापेक्षा वेगळ्या चालीने जाते. ट्राउट तिला तोंड लावत नाही. इंडिकेटर थबकला तरी काठी हलकी उचला. बुडण्याची वाट पाहाल तर माशाने फ्लाय थुंकलेली असेल. वाहून शेवटाला आली की लगेच उचलू नका, ताणाने वर येऊ द्या. पृष्ठभागाकडे निघालेल्या किड्यासारखी ती दिसते, आणि बरेच मासे तेव्हाच लागतात.

हिमाचलात ट्राउटचा हंगाम मार्च ते ऑक्टोबर, परवाना मत्स्य विभागाचा. आणि ओल्या फ्लाय लगेच डबीत बंद करू नका. ठाण्याच्या दमट हवेत गळ गंजतात.