दारू सुटली, राग का सुटत नाही?

बाप्तिस्मा घेतलेली माणसं मला वारंवार विचारतात, "ताई, जुनी सवय अजून जात नाही. म्हणजे माझं तारण, पापातून सुटका, झालीच नाही का?" विचारणारा बहुतेक वेळा आतून पार खचलेला असतो. त्यातल्याच एकाची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीतला गृहस्थ, बरीच वर्षं रोज पिणारा. प्रभू येशूला स्वीकारलं आणि दारू एकाएकी सुटली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यानं साक्ष दिली, देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगितलं, लोकांनी देवाची स्तुती केली. काही महिन्यांनी त्यानं रागाच्या भरात मुलावर हात उगारला. त्या रात्री त्याला वाटलं, आपला पालट म्हणजे नुसतं ढोंग. तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला. ती फारसं बोललीच नाही. एवढंच म्हणाली, "यांची दारू सुटली. घरातली भीती नाही गेली."

मी आधी शरीराची चौकशी केली. झोप कशी आहे, भूक लागते का, हात थरथरतात का. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. हा त्यातून सुखरूप सुटला होता. पण झोप उडणं, चिडचिड, उदासी पुढे काही महिने रेंगाळू शकते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं सगळ्यालाच पाप समजून उपास धरले होते. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. प्रार्थना करणाऱ्यानं औषध घेणं हा अविश्वास नव्हे.

मग पेत्राचा विषय काढला. येशूला तीनदा नाकारणारा त्याचा शिष्य पेत्र सगळ्यांना ठाऊक असतो आणि येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी जमावासमोर निर्भयपणे बोलणाराही. पण पुढे अंत्युखिया शहरात काय झालं? परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसणारा हाच पेत्र, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आल्यावर लोकभयानं मागे सरला. प्रेषित पौलानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे. भीती तीच, जुनीच. तरी पेत्राचा पालट खोटा होता असं कुणी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

तो रडला. पण एवढ्यावर त्याला घरी पाठवणं बरोबर नव्हतं, कारण खरी अडचण पुढेच होती.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल चोराला 'चोरी करू नको' म्हणून थांबत नाही. हातांनी काम कर, गरजवंताला दे, असंही सांगतो. सवय जाते तेव्हा तिची जागा मोकळी होते. याची संध्याकाळ मोकळी झाली होती आणि ती त्यानं उपदेशानं भरली. घरच्यांना वचनं ऐकवायची, चुका दाखवायच्या, आणि वर, "देवानं मला क्षमा केली, तुम्हाला का जमत नाही?" माझ्या मते हे त्याच्या रागाहून घातक होतं. इतकी वर्षं घर जिनं एकटीनं ओढलं, तिच्याकडून तो क्षमा वसूल करायला निघाला होता. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करण्याचं कबूल केलं, मला विसरून जा असं त्यांना सांगितलं नाही.

आम्ही ठरवलं: घरात उपदेश बंद. आवाज चढतोय असं वाटताच खोलीबाहेर जायचं. तोंडून वाईट गेलं तर त्याच दिवशी माफी मागायची, 'पण तूसुद्धा' न जोडता. संध्याकाळी घरकाम त्याचं. आणि पुन्हा हात उठला तर तिनं मुलाला घेऊन बहिणीकडे जायचं. ते सहन करणं हा तिच्या विश्वासाचा भाग नाही, हे मी दोघांसमोर स्पष्ट सांगितलं.

त्याचा आवाज अजून चढतो. माफी मात्र आता तो न सांगता मागतो. मुलगा अजून लांबच राहतो. घाई करू नका, असं मी त्याला सांगितलं आहे. मध्यंतरी पाळकांनी पुन्हा साक्षीला बोलावलं. यानं आधी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अजून नको." त्यानं पाळकांना तसं कळवलं.