अपलोड केलेला फोटो डिलीट का होत नाही?

दांडिया बाजारातल्या आपल्या गणेशोत्सवाच्या साइटवर फोटो चढतात, पण एफटीपीने (सर्व्हरवरच्या फायली हाताळायच्या पद्धतीने) काढायला गेलास की ‘परमिशन डिनाइड’ येतं, असं तू काल सांगितलंस. त्याचं कारण मालकी. पीएचपी स्क्रिप्टने (साइटचा सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) बनवलेली फाइल किंवा फोल्डर तुझ्या नावावर नसतं. स्क्रिप्ट ज्या यूजरच्या नावाने चालते त्याच्या नावावर असतं. उबुंटूवर (सर्व्हरची एक लिनक्स सिस्टिम) तो सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. आणि फाइल काढायला तिच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी लागते, फोल्डर त्याच्या नावावर असलं की ती तुला सहसा नसते.

कुणी फोल्डरला ७७७ (मालक, ग्रुप आणि परके, तिघांनाही सगळी परवानगी) द्यायला सांगेल. अजिबात देऊ नकोस. त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही यूजरला तुझ्या फोल्डरमध्ये लिहिता येईल.

माझं मत विचारशील तर पीएचपी-एफपीएमचा (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) वेगळा पूल, म्हणजे तुझ्या साइटपुरता गट, करून तो तुझ्याच यूजरखाली चालव. मग फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ (लिहायची परवानगी फक्त मालकाला) पुरतं आणि भांडणच उरत नाही. जुन्या फायली-फोल्डरांची मालकी मात्र रूटकडून (सर्व्हरचा मुख्य यूजर) एकदा बदलून घे, ते काम दुसऱ्या कुणाला करता येत नाही. पूल शक्य नसेल तर तुझा आणि स्क्रिप्टच्या यूजरचा एक ग्रुप कर, फोल्डरला २७७५ दे (सुरुवातीचा २ नव्या फायलींना फोल्डरचाच ग्रुप देतो) आणि स्क्रिप्टचा यूमास्क (नव्या फायलींतून कोणती परवानगी वगळायची ते) ००२ ठेव. ग्रुपमध्ये गेल्यावर पुन्हा लॉगिन करायचं, हे विसरतात सगळे.

आणि बाळा, पीएचपीत सीएचमॉड (परवानगी बदलायचं फंक्शन) लिहिताना आकड्याआधी शून्य हवंच. नुसतं ७७५ लिहिलंस तर ते दशमान धरलं जातं. परवानगी मोजतात अष्टमानात, आणि अष्टमानात ते होतं १४०७. म्हणजे मालकाला फक्त वाचता येतं, ग्रुपला काहीच नाही, परक्यांना सगळं मोकळं. माझी एक अख्खी रात्र त्यात गेली होती.